आजीचा शेर आणि माझी फ्लॉपी

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण तिच्यात राजे नाहीत. एक स्वयंपाकघर आहे, एक संगणक आहे आणि एक चूक आहे. चूक माझी.

1969 साली अमेरिकेत नीमन मार्कस या दुकानाच्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ छापून आला होता. किंमत 10,600 डॉलर. गृहिणीने त्यात पाककृती ठेवायच्या, अशी कल्पना. पण त्याच्याशी बोलायचं ते खटके वरखाली करून, आणि ते शिकवायला दोन आठवड्यांचा वर्ग सोबत. तो एकही विकला गेल्याची नोंद नाही. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात वाटी आणि चमचा एवढीच यंत्रं होती, आणि ते घरोघरी गेलं. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

1988 मध्ये मी इंदूरला एका कार्यालयाच्या हिशेब खात्यात होतो. तिथे एक पीसी आला आणि त्यावर डीबेस थ्री प्लस. संध्याकाळी सगळे गेले की मी आजीच्या पाककृतींचा प्रोग्राम लिहीत बसायचो. आजी वाईची, लग्न होऊन होळकरांच्या इंदुरात आलेली. तिच्या हातची भाजणी आमच्या घराची ओळख. लिहून काहीच ठेवलेलं नव्हतं.

त्या पीसीवर देवनागरी नव्हती, म्हणून मराठी रोमन अक्षरांत. टी-ए-के लिहिलं की ते ‘ताक’ की ‘टाक’, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. कढीच्या कृतीत तर दोन्ही शेजारी शेजारी आले होते!

खरी अडचण मापांची. सरकारने 1956 साली कायदा करून मेट्रिक मापं आणली, 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. आजीच्या फडताळात मात्र पितळेचा शेर, मापटं, चिपटं तसंच होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मी हुशारी केली: ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम, असं प्रोग्रामात घातलं आणि सगळ्याचे ग्रॅम काढले.

त्या ग्रॅमांवरून बायकोने भाजणी केली. थालीपीठ तव्यावर पडलं आणि घरभर नुसता धण्यांचा वास. आजीने एक तुकडा मोडला नि विचारलं, “अरे, धणे चिपट्यानं मोजलेस की तागडीनं?”

तिचा शेर मापाचा होता, वजनाचा नव्हता. चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर धणे यांचं वजन सारखं कसं असेल? धणे हलके. माझ्या प्रोग्रामने दोन्ही एकाच वजनाचे केले होते. मग मी मापाचा शेर आणि वजनाचा शेर असे दोन रकाने केले, आणि तिसरा, आजीच्या शब्दांसाठी. ज्वारी ‘हाताला चटका बसेपर्यंत’, उडीद ‘वास सुटेपर्यंत, रंग बदलू द्यायचा नाही’. हे आकड्यात बसत नाही. असा लांब मजकूर डीबेसमध्ये मेमो रकान्यात जायचा. दोन वर्षांत 64 कृती झाल्या.

आता चूक सांगतो. 1991 मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नात मी पाच नातेवाइकांना पाच फ्लॉप्या दिल्या. केवढा रुबाब! डीबेसची मुख्य फाइल डीबीएफ. मेमोचा मजकूर मात्र शेजारच्या वेगळ्या डीबीटी फाइलमध्ये असतो. मी फक्त डीबीएफ उतरवली होती. संगणक कुणाकडेच नव्हता, त्यामुळे फ्लॉप्या कपाटात आहेराच्या साड्यांखाली गेल्या. कार्यालयाने तो पीसी बदलला. 1994 मध्ये आजी गेली. पुढच्या वर्षी पुण्याच्या भाच्याने फ्लॉपी लावली, तेव्हा फाइल उघडेना. खटपटीने उघडली तर जिन्नस सगळे जागेवर, कृती एकही नाही.

वाचलं ते हैदराबादच्या आत्याकडे. तिला फ्लॉपीचं काय करायचं हे कळत नव्हतं, म्हणून मी तिला डॉट मॅट्रिक्सवर कागद छापून दिले होते. कडेला भोकं असलेले, फिकट. त्यावर 38 कृती निघाल्या, भाजणी त्यातलीच. पंधरा आम्ही भावंडांनी फोनवर भांडत भांडत आठवल्या. अजून भांडण मिटलेलं नाही. बहीण म्हणते भाजणीत मेथी नव्हती, मी म्हणतो चार दाणे होते.

आता सगळं युनिकोडमध्ये, देवनागरीत आहे. ग्रॅमच्या शेजारी आजीचं माप तसंच ठेवलंय. शेराचं भांडंही माझ्याकडे आहे.

राहिल्या अकरा. डीबीएफच्या प्रत्येक नोंदीत मेमोचा मजकूर दुसऱ्या फाइलच्या कितव्या कप्प्यात आहे, तो आकडा असतो. आजीच्या सांज्याच्या पोळीसमोर आजही 41 दिसतं. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने तेव्हा हौसेनं माझी सगळी फाइल उतरवून नेली होती. तो नंतर बदली होऊन ग्वाल्हेरला गेला. तिकडे कुणाच्या माळ्यावर सव्वापाच इंची फ्लॉपी सापडली आणि तिच्यावर निळ्या शाईने ‘आजी’ लिहिलेलं असलं, तर ती पुसू नका. मला कळवा.