सुटण्याआधीचे थांबणे : जानवळच्या शिकारी श्वानांचा वारसा

१/
लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यात जानवळ नावाचे गाव आहे. कारवानी आणि पश्मी या शिकारी श्वानजातींसाठी ते ओळखले जाते. या जातीचे पिल्लू घरी आणणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते : ते क्षणभरही स्वस्थ बसत नाही. या अस्वस्थतेचे मूळ इतिहासात आहे.

२/
उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट ही कारवानीची ठेवण. पश्मीच्या कानांवर व शेपटीवर रेशमी केस असतात. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे ‘कारवाँ’बरोबर, यांचे पूर्वज पश्चिमेकडून दख्खनेत आले, असे परंपरा सांगते. हे श्वान वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. दूरवर काही हलले की त्यांचे पाय धावू लागतात. हा दोष नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेला गुण आहे.

३/
दख्खनेत शिकारी श्वानांची कदर जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११३० च्या सुमारास) ‘सारमेयविनोद’ हा श्वानांविषयीचा स्वतंत्र भाग आहे. मराठा राज्याच्या अठरा कारखान्यांतही ‘शिकारखाना’ होता.

४/
शिकारीत नुसता वेग पुरत नाही. सावज दिसताच श्वान उधळला, तर त्याचा दम वाया जातो. म्हणून शिकारी त्याला पट्ट्याने धरून ठेवतो आणि नेमक्या क्षणी सोडतो. आधी थांबणे, मग धावणे, असा हा क्रम. श्वानाच्या लेखी धावायला मिळणे हेच थांबण्याचे बक्षीस असते.

५/
१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची वाट बंद केली. ते आवश्यकच होते. मात्र श्वानाची धाव संपली नाही. तिचे प्रयोजन तेवढे संपले. अंगणात साखळीला बांधलेल्या पिल्लाच्या वाट्याला आता केवळ थांबणे उरले, त्यापुढचे सुटणे नाही.

६/
म्हणून मारून वा ओरडून ते शांत होत नाही. ओरडण्याने त्याची खळबळ उलट वाढते. जुना क्रमच पुन्हा जुळवावा लागतो. काठीला दोरीने चिंधी बांधावी. पिल्लू उड्या मारते तोवर ती हलवू नये. चारही पाय जमिनीवर टेकून ते क्षणभर स्थिरावले की चिंधी पळवावी. हा क्षण दिवसागणिक लांबवत न्यावा. मग पुरेशी झोप द्यावी. लहान पिल्लू दिवसातले सुमारे अठरा तास झोपते. त्याचा धुडगूस पुष्कळदा थकव्याचाच असतो.

७/
यांचाच भाऊबंद असलेल्या मुधोळ श्वानाला २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. नवे काम मिळाले, तर जुना गुण वाया जात नाही. जानवळचा वारसा टिकवायचा असेल, तर वंशशुद्धीइतकीच या धावेलाही जागा द्यावी लागेल. अन्यथा जात उरेल आणि तिचा स्वभाव मात्र साखळीला झिजत राहील.