न हललेली फाईल

परवा लोकलमध्ये एक कादंबरी वाचत होतो. मूल पळवलं जातं, आणि मग आई-बाप आतून कसे कुजत जातात, त्याची. इतका गुंतलो की कॉटन ग्रीनला उतरायचं राहिलं, थेट वडाळा! घरी आईला गोष्ट सांगितली तर म्हणाली, "त्यात काय नवीन? गावित बायका माहीत नाहीत का तुला?"

नीट माहीत नव्हत्या. अख्खा रविवार त्यातच गेला.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित. काळ १९९० ते १९९६. राहायच्या पुण्यात, धंदा गर्दीत पाकीटमारीचा. कडेवर मूल असलं की बाईचा संशय येत नाही, आणि सापडलीच तर लोक पोराकडे बघून सोडतात. एवढ्यासाठी मुलं पळवायची! पहिलं कोल्हापुरात भीक मागणाऱ्या एका बाईचं. सीमा चोरी करताना पकडली गेली तेव्हा अंजनाबाईने ते तान्हं जमिनीवर आपटलं. लोकांचं लक्ष उडालं, सीमा सुटली. पुढे ते मूल रडतं म्हणून मारलं.

आरोप १३ अपहरणांचे, ९ खुनांचे. उच्च न्यायालयात ५ खून टिकले.

सहा वर्षं कुणाला कसं कळलं नाही? बरीचशी मुलं गरिबाघरची, गाव एक, तर प्रेत दुसरीकडे. ठाण्याठाण्यातल्या नोंदी जुळवणार कोण? (आम्ही ज्याला डेटाबेस म्हणतो, तो तेव्हा रजिस्टरांत होता.) हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली सांगावं लागलं. या बायका सापडल्या त्यासुद्धा घरच्या वैरामुळे. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोने पोलिसांत नाव घेतलं म्हणून.

अंजनाबाई खटल्याआधीच कोठडीत मेली. मुलींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ साली फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग दयेचा अर्ज. तो निकाली काढायला सरकारला ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस लागले. या ढिलाईवर बोट ठेवून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली.

फाशी हवी की नको, यावर माझं मत डळमळीत आहे. पण त्या आई-बापांनी काय समजायचं? निकालाची तारीख फाईल ठरवते, हे?

आई एवढंच म्हणाली, "तू लहान असताना स्टेशनवर तुझं मनगट सोडायचे नाही मी. तू चिडायचास."