आधी प्रश्न, मग वेबसाइट

उपग्रहांवर शैक्षणिक वेबसाइट बनवायचीय? मग फिरता गोळा आणि बटणं टाकण्याआधी 'प्रथम'चा इतिहास बघा. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काम सुरू केलं. साधारण १० किलोचा तो उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ ला श्रीहरिकोट्याहून उडाला. म्हणजे तब्बल ९ वर्षं! टीममधल्या बॅचेस बदलत गेल्या, प्रश्न मात्र तोच राहिला: आयनावरणात इलेक्ट्रॉन किती? संकेत वरून येणार, मोजणी जमिनीवर होणार. म्हणून इतर कॉलेजांनाही ग्राउंड स्टेशन उभारायला सोबत घेतलं. तिथली मुलं नुसती प्रेक्षक राहिली नाहीत. बदलापूर लोकलच्या गर्दीत मोबाईलवर तुमची साइट उघडणाऱ्या मुलीलाही मोजायला काहीतरी द्या. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.