तुरीची मर : एका कारणाच्या शोधाचा इतिहास

मार्गशीर्षाच्या सुमारास तूर फुलावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी शेतात एखादे झाड एका अंगाने कोमेजू लागते. जमिनीत ओल असते, पानांवर किडीची खूण नसते, शेजारचे झाड हिरवेगार असते. काही दिवसांतच फांद्या वाळतात आणि शेंगा भरण्यापूर्वीच झाड उभ्या उभ्या जळाल्यासारखे दिसते. बुंध्यापासून वर गेलेला जांभळट काळा पट्टा पाहून साल सोलली, तर आतल्या लाकडावर काळ्या रेषा आढळतात. शेतकरी याला ‘मर’ म्हणतो. हा शब्द झाडाचे काय झाले एवढेच सांगतो. ते कशाने झाले याविषयी तो काहीच सांगत नाही. शास्त्रज्ञांनी या मौनाची जागा एका नावाने भरून काढली.

आमच्या विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी ते नाव एका ओळीत पाठ करतो : रोगकारक, फ्युजेरियम उडम, वर्णनकर्ता, बटलर, वर्ष, १९१०. ओळ बरोबर आहे. परंतु ती सिद्ध होण्यासाठी एका थोर संशोधकाचे मत खोडून काढावे लागले. आणि ते खोडून काढण्याच्या पद्धतीतच असे काही होते की, त्यानंतर दीर्घकाळ संशोधकांची दृष्टी जमिनीवरून ढळली. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय मरीचा इतिहास पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम अमेरिकेकडे वळणे अवश्य आहे. अलाबामातील कापसाच्या रोगांचा अभ्यास करताना जॉर्ज ॲटकिन्सन यांनी १८९२ साली मरणाऱ्या झाडांच्या जलवाहिन्यांत राहणाऱ्या बुरशीस फ्युजेरियम व्हासइन्फेक्टम हे नाव दिले. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असल्या म्हणजे मर अधिक तीव्र होते, हेही त्यांच्या लक्षात आले होते. या निरीक्षणाचे पुढे फार वर्षे कोणी चीज केले नाही. १८९९ साली अर्विन स्मिथ यांनी कापूस, कलिंगड व चवळी यांच्या मरीवर एक विस्तृत पुस्तिका प्रसिद्ध केली. मेलेल्या मुळांवर व खोडांवर त्यांना तांबड्या रंगाची, टाचणीच्या टोकाहून लहान अशी फलपिंडे आढळली. वाहिन्यांतील फ्युजेरियम ही अलैंगिक अवस्था व ही तांबडी फलपिंडे त्याच बुरशीची लैंगिक अवस्था, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तिच्यासाठी निओकॉस्मोस्पोरा हा नवा वंश निर्माण केला.

स्मिथ हे सामान्य अधिकाराचे गृहस्थ नव्हते. वनस्पतींना जीवाणूंमुळे रोग होतात हे जर्मन पंडित आल्फ्रेड फिशर यांच्याशी वाद घालून प्रस्थापित करणारे ते हेच. अशा माणसाची चूक समजून घेण्यासारखी असते. बुरशीच्या दोन अवस्थांची सांगड घालणे हे त्या काळी कवकशास्त्राचे मानाचे कार्य समजले जाई, आणि अनेक सांगडी खऱ्याही ठरल्या होत्या. एकाच झाडावर, एकाच जागी, एकामागून एक दिसणाऱ्या दोन आकृती एकाच जीवाच्या असाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु मेलेले मूळ म्हणजे जमिनीतील असंख्य बुरशींना उघडी पडलेली पंगत. तेथे जो जेवताना दिसतो, तोच मारेकरी असला पाहिजे असे नाही.

हा भेद हिंदुस्थानात स्पष्ट झाला. एडविन जॉन बटलर हे मूळचे आयर्लंडचे, वैद्यकशास्त्राचे पदवीधर. १९०१ साली ते सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून कलकत्त्यास आले आणि बिहारात पुसा येथे कृषिसंशोधन संस्था उभी राहिल्यावर तेथे गेले. तुरीच्या मरीवरील त्यांचा पहिला वृत्तान्त १९०६ सालचा. चौसष्ट पृष्ठांचा मुख्य प्रबंध १९१० साली कृषिखात्याच्या वनस्पतिशास्त्रविषयक मालेत निघाला. या प्रबंधाचे शीर्षक आजही वाचण्यासारखे आहे, कारण त्यात दोन विषय जोडलेले आहेत : तुरीची मर, आणि निओकॉस्मोस्पोराचे परजीवित्व. तुरीच्या मेलेल्या मुळांवरही ती तांबडी फलपिंडे सापडत होतीच. बटलरांनी फलपिंडांतील बीजाणूंपासून एक संवर्धन वाढविले आणि मरणाऱ्या झाडाच्या आतील भागापासून दुसरे. दोन्ही अलग ठेवून निरोगी तुरीवर त्यांची परीक्षा केली. निओकॉस्मोस्पोराने काही केले नाही. ती मृतोपजीवी ठरली. फ्युजेरियमने रोग निर्माण केला. म्हणून त्यांनी त्यास फ्युजेरियम उडम असे स्वतंत्र नाव दिले. सुमारे त्याच वेळी अमेरिकेत हिगिन्स यांनी चवळीच्या बाबतीत हीच शंका उपस्थित केली होती.

बटलरांच्या युक्तिवादातील शिस्त विद्यार्थ्यांनी अनुकरण करावी अशी आहे. सहअस्तित्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तर्कशास्त्राच्या वर्गात सांगणे सोपे; पण अर्विन स्मिथांच्या नावाचे वजन समोर असताना मळ्यातील मुळांवर ते सिद्ध करून दाखविणे निराळे.

या दोन नावांची पुढील कथा थोडी विनोदी आहे. १९४० साली स्नायडर व हॅन्सेन यांनी अनेक जाती एकत्र करून तुरीच्या बुरशीस फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचा एक प्रकार ठरविले; १९७१ साली बूथ यांनी तिच्या आकड्यासारख्या वाकलेल्या बीजाणूंकडे बोट दाखवून तिचे स्वतंत्र जातित्व परत दिले. तिची लैंगिक अवस्था १९८२ साली वाराणसीच्या राय व उपाध्याय यांनी जिबरेला इंडिका या नावाने वर्णिली. आणि स्मिथांचा निओकॉस्मोस्पोरा? जनुकक्रमांच्या अभ्यासानंतर तो फ्युजेरियम सोलानीच्या कुटुंबातीलच निघाला. त्या सगळ्या कुटुंबास निओकॉस्मोस्पोरा म्हणावे की फ्युजेरियमच ठेवावे, यावर २०१५ नंतर वर्गीकरणकारांत चांगलीच जुंपली. म्हणजे दोघांत नाते आहे हा स्मिथांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. फक्त त्यांनी चुलत्यास बाप मानले होते.

आता मुख्य मुद्दा. शुद्ध संवर्धनाने कारण सिद्ध करावयाचे, तर एका जीवास इतर सर्वांपासून अलग करावे लागते. यात गैर काही नाही. त्यावाचून बटलरांना स्मिथांचे उत्तर देताच आले नसते. परंतु अलग केलेला जीव ज्या जमिनीतून आला, तेथे तो कधीच एकटा नसतो. प्रयोगाच्या सोयीसाठी जे बाजूला ठेवले, ते विचारातूनही बाजूला पडण्याचा धोका तेथे असतो. मरीच्या बाबतीत तसे झाले. ‘कोणती बुरशी?’ या प्रश्नाचे उत्तर मिळताच ‘एका शेतात मर आणि शेजारच्या शेतात का नाही?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न मागे पडला.

उपायांचा प्रश्न तर बिकटच होता. ज्या वर्षी बटलरांचा प्रबंध निघाला, त्याच १९१० साली म्हैसूर संस्थानात कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचा उपाय सांगितला. तो रोग बाहेरून येतो, फळांवर पडतो. औषध तेथे पोचते. मरीची बुरशी मुळातून शिरून जलवाहिन्यांत वस्ती करते. फवारणी कोणावर करावयाची? साहजिकच संशोधकांनी रोगास दाद न देणारे वाण शोधण्याचा मार्ग धरला.

१९३३ साली मॅक्रे व शॉ यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याचेही शीर्षक जोडविषयाचे आहे : खतांचा तुरीच्या मरीवरील परिणाम, आणि प्रतिकारक वाणांची निवड. दुसरा भाग पुढे सर्वांनी उद्धृत केला, कारण वाण हाती देता येतो. पहिला भाग मात्र फारसा कोणी वाचला नाही. सुपरफॉस्फेटने मर वाढली आणि हिरवळीच्या खताने ती कमी झाली, असे त्यात आढळले होते. बुरशी तीच, वाण तोच. जमिनीत काय घातले यावर झाडे मरण्याचे प्रमाण बदलत होते. पहिला भाग पुढे नेला असता, तर जमिनीतील अणुजीवांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास आपल्याकडे कितीतरी आधी जोमाने सुरू झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही बुरशी इतर बुरशींवर जगते हे दाखविलेच होते. दोन्ही धागे एकाच सुमारास उपलब्ध होते. ते विणले गेले नाहीत.

मुंबई इलाख्यात हीच गोष्ट कापसावर घडली. जी. एस. कुलकर्णी यांनी इलाख्यातील कापसाच्या मरीवर १९३४ साली विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, बी. एन. उप्पल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे नेला, आणि खानदेशात जरिलासारखे मरीस टिकणारे कापूस आले. या अभ्यासातून पुढे आलेली एक विसंगती मला वाणांहून अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेत कापसाची मर हलक्या, वाळूसर, आम्लधर्मी जमिनीत माजते. आपल्याकडे ती भारी, काळ्या, अल्कधर्मी जमिनीत. अमेरिकन कापूस आपल्या बुरशीस सहसा बळी पडत नाही, देशी कापूस पडतो. एकाच नावाच्या बुरशीच्या या दोन वंशांना दोन भिन्न जमिनींनी घडविले असावे, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुशातच एक गृहस्थ असे होते की, ज्यांना हा सर्व मार्गच चुकीचा वाटत होता. आल्बर्ट हॉवर्ड स्वतः वेस्ट इंडीजमध्ये कवकशास्त्रज्ञ म्हणून काम करून आले होते. १९०५ पासून ते पुशास बटलरांचे सहकारी, आणि १९२४ पासून इंदूरला. रोगी झाड हे बिघडलेल्या जमिनीचे लक्षण आहे, बुरशी ही केवळ तपासनीस आहे, अशी त्यांची भूमिका. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींवर, म्हणजे फ्रँक यांनी १८८५ साली ज्यांच्या सहवासास मायकोरायझा हे नाव दिले त्यांवर, त्यांनी १९४० सालच्या आपल्या ग्रंथात मोठी भिस्त ठेवली. हॉवर्डांचे अनेक दावे प्रयोगांनी सिद्ध केलेले नव्हते, आणि प्रतिपक्षाविषयी लिहिताना त्यांची लेखणी तिखट होई. त्यामुळे प्रयोगशाळेतील लोकांनी त्यांचा प्रश्नही त्यांच्या उत्तराबरोबर टाकून दिला. बटलर मात्र त्यांतले नव्हते. १९२० साली ते इंग्लंडात नव्या कवकशास्त्र कार्यालयाचे पहिले संचालक झाले. आणि १९३९ साली, मृत्यूपूर्वी चार वर्षे, त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला तो पिकांच्या मुळांत राहणाऱ्या मायकोरायझी बुरशींच्या वर्गीकरणातील स्थानावर. ज्याने झाड मारणाऱ्या बुरशीचा न्यायनिवाडा केला, त्यानेच अखेरीस झाडास अन्न पुरविणाऱ्या बुरशीची जात-कुळी तपासली. मायकोरायझाच्या आधुनिक अभ्यासात हा निबंध आजही उल्लेखिला जातो.

जमिनीचा प्रश्न शास्त्रात परत आणण्याचे श्रेय बहुतांशी केंब्रिजच्या स्टीफन गॅरेट यांस जाते. मुळांवर हल्ला करणारी बुरशी पीक नसताना कशी जगते, हा त्यांच्या १९४४ व १९५६ सालच्या पुस्तकांचा विषय. तुरीच्या बाबतीत उत्तर धसकटांत आहे. मेलेल्या झाडाच्या मुळांत व बुंध्यात बुरशी सुमारे तीन वर्षे तग धरते, हे हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. याच संस्थेतील नटराजन, नेने व सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखविले की, ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी पडते.

मराठवाड्यातील वा विदर्भातील शेतकऱ्यास यात नवल वाटणार नाही. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणे ही त्याची जुनी रीत. मर टाळण्यासाठी ती सुरू झाली असे मी म्हणत नाही. चारा, धान्य व डाळ एकाच रानातून मिळावी हे कारण पुरेसे आहे. परंतु एकट्या तुरीचे सलग पीक वाढले, तसे मरीचे महत्त्वही वाढले. बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ सारख्या प्रतिकारक वाणांनी पुष्कळ शेते वाचविली, हेही खरे.

ज्वारी नेमके काय करते, हे मात्र अजून पूर्णपणे उकललेले नाही. तिची मुळे हायड्रोसायनिक आम्ल सोडतात आणि त्याचा मुळांभोवतालच्या बुरशींवर परिणाम होतो, असे रंगस्वामी व बालसुब्रमणियन यांनी १९६३ साली दाखविले होते. दुसरी शक्यता साधी आहे : दोन तुरींमध्ये ज्वारीची मुळे आल्याने एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची बुरशीची वाट लांबते. तिसरी अशी की, ज्वारीच्या मुळांभोवती वाढणारे इतर अणुजीव फ्युजेरियमला उपाशी ठेवतात. या तिन्हींतील वाटा वेगळे करावयाचे, तर निर्जंतुक मातीच्या कुंड्या पुरेशा होणार नाहीत. प्रत्यक्ष रानातील मातीच, तिच्यातील सगळ्या रहिवाशांसह, प्रयोगास घ्यावी लागेल.