पंधरा दिवसांची मुदत

महाविद्यालयांत शिकणारा एखादा विद्यार्थी अकालीं मरण पावला म्हणजे पुढें काय होतें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. शोकसभा भरते, मंडळी दोन मिनिटें स्तब्ध उभी राहतात, दुखवट्याचा ठराव होतो, एक दिवस सुटी मिळते आणि दुसऱ्या दिवशीं घंटा नेहमींच्या वेळीं वाजते. हें सर्व योग्यच आहे. परंतु त्या मरणाला कोणाचा तरी अपराध कारण झाला असेल, तर एवढ्यानें विद्यापीठाचें कर्तव्य संपतें काय? प्रश्न आजचा वाटतो. पण तो फार जुना आहे. युरोपांतील विद्यापीठें ज्या काळांत जन्मास येत होतीं, त्याच काळांत तो त्यांच्यापुढें उभा राहिला. आणि तेथील गुरुजनांनीं त्याचें जें उत्तर दिलें, त्यांतूनच विद्यापीठ या संस्थेची घडण बऱ्याच अंशीं झाली.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला जें विद्यापीठ होतें, त्याला स्वतःची इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हतें, खजिनाही नव्हता. भाड्याच्या खोल्यांत गुरु बसत व जमिनीवर पसरलेल्या गवतावर शिष्य बसत. युनिव्हर्सिटास या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच मुळीं ‘संघ’ असा आहे. सुतारांचा, सोनारांचा जसा संघ, तसाच हा शिकविणारांचा व शिकणारांचा. विद्यार्थी चौदा-पंधरा वर्षांच्या वयापासूनचे, जर्मनीहून, इंग्लंडहून, फ्लँडर्सहून पायीं चालत आलेले. त्या शहरांत त्यांना ना आप्त ना सोयरे. धर्मोपाध्यायांच्या वर्गांत त्यांची गणना होत असल्यामुळें त्यांचा न्याय धर्मपीठानें करावा, असा संकेत होता. शहरच्या लोकांना मात्र हे परके, उद्धट व उधारी बुडविणारे पोरगे वाटत. अशा परक्या मुलाला कोणीं मारलें, तर त्याच्यासाठीं दाद मागणार कोण?

इ. स. १२०० सालीं एका गुत्त्यांत वाद झाला. जर्मनीकडील एका कुलीन विद्यार्थ्याचा नोकर दारू आणावयास गेला असतां त्याला मार बसला व त्याचें भांडें फुटलें. त्याच्या धन्याचे सोबती धांवून गेले व त्यांनीं गुत्तेवाल्याला अर्धमेला केला. शहर खवळलें. राजाचा कोतवाल सशस्त्र नागरिकांना घेऊन जर्मन विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडावर चालून गेला आणि त्या झटापटींत तो कुलीन विद्यार्थी व त्याचे कांहीं सोबती ठार झाले. तेव्हां अध्यापकांनीं राजा फिलिप ऑगस्टस याच्याकडे धाव घेतली. न्याय मिळाला नाहीं, तर हे सारे गुरुशिष्य शहर सोडून जातील, अशी भीति राजाला पडली. त्यानें कोतवालाला कैदेंत टाकलें आणि विद्यार्थ्यांच्या रक्षणार्थ एक सनद दिली. प्रत्येक नव्या कोतवालानें ती पाळण्याची शपथ घ्यावी, असें ठरलें. त्या सनदेंतील एक कलम विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एखाद्या विद्यार्थ्यावर हल्ला होत असलेला ज्या नागरिकानें पाहिला, त्यानें खरी साक्ष द्यावी. आपल्याला दिसूं नये म्हणून कोणीं तेथून निघून जाऊं नये, असा त्याचा आशय आहे. डोळे चुकविणें हाही अपराधाचाच एक भाग आहे, हें त्या राजाच्या लेखकांना कळलेलें होतें.

नऊ वर्षांनीं, १२०९ सालीं, इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें याहून बिकट प्रसंग आला. एका विद्यार्थ्याच्या हातून एक स्त्री मारली गेली आणि तो पळून गेला. मारेकरी सांपडत नाहीं असें पाहून शहरच्या लोकांनीं त्याच्याबरोबर त्याच बिऱ्हाडांत राहणाऱ्या दोघां-तिघां विद्यार्थ्यांना धरलें आणि राजा जॉन याच्या संमतीनें त्यांना फांशीं दिलें. त्यांचा दोष एवढाच कीं, ते एका छपराखालीं राहत होते. ही वार्ता पसरतांच गुरु व शिष्य ऑक्सफर्ड सोडून निघाले. कांहीं रेडिंगला गेले, कांहीं पॅरिसला, तर कांहीं केंब्रिज नांवाच्या लहानशा गांवीं जाऊन राहिले. केंब्रिजच्या जगप्रसिद्ध विद्यापीठाचा आरंभ या पांगापांगींतून झाला. एका बिऱ्हाडांतील निरपराध मुलांच्या मरणाचा निषेध म्हणून जें स्थलांतर झालें, त्यांतून एक नवें विद्यापीठ उभें राहिलें!

ऑक्सफर्डला पुन्हा विद्या नांदूं लागण्यास पांच वर्षें जावीं लागलीं. १२१४ सालीं पोपच्या प्रतिनिधीनें निवाडा दिला. फांशीं देण्यांत ज्यांचा हात होता, त्यांनीं अनवाणी व बोडक्या डोक्यानें मृतांच्या थडग्यांपर्यंत जावें आणि त्यांचे देह सन्मानानें पवित्र भूमींत पुरावे. विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडांचें भाडें दहा वर्षेंपर्यंत निम्मेंच घ्यावें. गरीब विद्यार्थ्यांसाठीं शहरानें दरसाल ५२ शिलिंग द्यावे आणि ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशीं, १०० गरीब विद्यार्थ्यांना जेवूं घालावें. याच निवाड्यांत आणखीही एक कलम होतें. बाकीचे सर्व निघून गेल्यावर ज्या अध्यापकांनीं ऑक्सफर्डमध्यें खुशाल पाठ चालू ठेवले होते, त्यांना तीन वर्षें तेथें शिकविण्याची बंदी झाली. शिष्यांच्या मरणाची खंत न बाळगतां तास घेत राहणें याला त्या काळीं कर्तव्यनिष्ठा म्हणत नसत.

याच सुमारास, १२१५ सालीं, पॅरिस विद्यापीठाचे पहिले सविस्तर नियम झाले. पोपचा प्रतिनिधि रॉबर्ट द कुर्सों यानें ते घालून दिले. कोणीं कोणते ग्रंथ शिकवावे, अध्यापकाचें वय किती असावें, झगा कसा असावा, हें सर्व त्यांत आहे. त्याच्याच जोडीला असें सांगितलें आहे कीं, एखादा विद्यार्थी वारला, तर अध्यापकांपैकीं निम्म्यांनीं त्याच्या अंत्यविधीस जावें. पुढें दुसरा कोणी वारला, तर उरलेल्या निम्म्यांनीं जावें. आणि तसेंच कारण असल्यावांचून मूठमाती पुरी होईपर्यंत कोणीं परत फिरूं नये. वरवर पाहतां हा नियम क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलाचे आईबाप शेंकडों कोसांवर आहेत, ज्यांना पुत्र गेल्याचें वर्तमान महिना-दोन महिन्यांनीं कळावयाचें, त्याच्या थडग्याजवळ शेवटपर्यंत उभें राहणारें कोणी तरी हवें. तो मान विद्यापीठानें आपल्या गुरुजनांकडे दिला. शिवाय, विद्यार्थ्याचा खून झाला किंवा त्याला भयंकर इजा झाली आणि न्याय मिळाला नाहीं, तर सर्वांनीं मिळून शपथपूर्वक एकजूट करावी, अशी मोकळीकही त्याच नियमांत होती.

या एकजुटीची कसोटी १२२९ सालीं लागली. फेब्रुवारीची अखेर होती. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होण्यापूर्वींचे, आपल्याकडील शिमग्यासारखे मौजेचे दिवस होते. पॅरिसच्या वेशीबाहेर सेंट मार्सेल या वस्तींत कांहीं विद्यार्थी दारू प्याले. पैशांवरून तंटा झाला. गांवकऱ्यांनीं त्यांना बडवून काढलें. दुसऱ्या दिवशीं ते सोबत्यांसह दांडकीं घेऊन आले, गुत्त्याची मोडतोड केली आणि रस्त्यांत जो भेटेल त्याला मारलें. अपराध उघड उघड विद्यार्थ्यांचा होता. राजा नववा लुई लहान असल्यामुळें राज्यकारभार त्याची आई ब्लांश पाहत असे. तिनें शिक्षेचा हुकूम दिला. पण शिपाई ज्यांच्यावर तुटून पडले, ते विद्यार्थी शहराबाहेर खेळत होते. दंग्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. त्यांतील कित्येक ठार झाले, कित्येक जखमी झाले.

अध्यापकांनीं प्रथम पाठ बंद केले व राणीकडे आणि पोपच्या प्रतिनिधीकडे दाद मागितली. कोणीं दाद घेतली नाहीं. तेव्हां त्यांनीं जाहीर केलें कीं, ईस्टरच्या सणानंतर महिन्याभरांत न्याय न मिळाल्यास सहा वर्षेंपर्यंत पॅरिसमध्यें कोणीं शिकवूं नये व कोणीं शिकूं नये. मुदत टळली आणि विद्यापीठ खरोखरच उठून गेलें. ओर्लेआंला, आंजेला, तुलूजला गुरुशिष्यांचे तांडे चालूं लागले. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यानें त्यांना आपल्या राज्यांत येण्याचें निमंत्रण धाडलें. या संपांत अध्यापकांची चैन होती, असें कोणीं समजूं नये. पुष्कळांचा चरितार्थ शिष्यांच्या फीवर चाले. बिऱ्हाड मोडून, ग्रंथ गाठोड्यांत बांधून, परक्या गांवीं नव्यानें शिष्य मिळवावयाचे होते. ज्या मृतांसाठीं हें चाललें होतें, त्यांतील बहुतेकांचीं नांवेंही इतिहासाला ठाऊक नाहींत.

दोन वर्षें पॅरिसची विद्या जवळजवळ उजाड राहिली. अखेर पोप नववा ग्रेगरी, जो स्वतः पॅरिसला शिकलेला होता, मध्यें पडला आणि १३ एप्रिल १२३१ रोजीं त्यानें एक आज्ञापत्र काढलें. पारेन्स सिएंतिआरुम, म्हणजे विद्यांची जननी, या आरंभींच्या शब्दांनीं तें ओळखलें जातें. त्यांत विद्यापीठाला स्पष्ट हक्क मिळाला कीं, त्याच्या कोणा घटकाचा मृत्यु घडविला गेला किंवा त्याचा अवयव तोडला गेला आणि रीतसर सूचना दिल्यानंतर १५ दिवसांच्या आंत त्याची भरपाई झाली नाहीं, तर विद्यापीठानें पाठ बंद ठेवावे. त्याचबरोबर, अपराध्यांच्या निमित्तानें निरपराधांना पकडूं नये, असेंही त्यांत बजावलें आहे. ऑक्सफर्डच्या बिऱ्हाडांतील आणि पॅरिसच्या वेशीबाहेरील मुलांच्या मरणाचा अर्थ या एका वाक्यांत उतरला. विद्यापीठांच्या सनदांत हें आज्ञापत्र फार थोर मानलें जातें. त्याच्या मुळाशीं मात्र कोठलाही विद्याविषयक वाद नसून मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचें प्रकरण आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे, आणि ती लपविणें बरें नव्हे. मिळालेलें संरक्षण विद्यार्थ्यांनीं पुष्कळदां उन्मत्तपणानें वापरलें, आणि मृतांच्या न्यायाची मागणी केव्हां केव्हां निव्वळ सूडाकडे वळली. १० फेब्रुवारी १३५५ रोजीं ऑक्सफर्डमध्यें दारूच्या चवीवरून जी मारामारी सुरू झाली, ती दोन-तीन दिवस चालली. परंपरेनें सांगतात त्याप्रमाणें तींत विद्यापीठाकडील ६३ माणसें मेलीं आणि शहरचेही सुमारें ३० लोक मेले. राजानें विद्यापीठाचा पक्ष घेतला. त्यानंतर दरसाल त्या दिवशीं शहराच्या मेयरनें नागरिकांसह चर्चमध्यें जाऊन प्रत्येक मृत विद्यार्थ्यामागें एक पेनी द्यावी, असें प्रायश्चित्त ठरलें. तें १८२५ सालापर्यंत, म्हणजे ४७० वर्षें, चाललें. शहरच्या मृतांसाठीं विद्यापीठानें काय द्यावें, हें कोणीं विचारलें नाहीं. शेवटीं १९५५ सालीं, सहाशें वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, विद्यापीठानें मेयरला सन्माननीय पदवी दिली, शहरानें कुलगुरूंना नागरिकत्वाचा मान दिला आणि ती तेढ औपचारिकपणें मिटली. स्वतःच्याच मृतांची मोजदाद करणारी संस्था न्यायाच्या वाटेवरून किती सहज घसरते, याचें हें उदाहरण आहे.

आपल्याकडील अर्वाचीन विद्यापीठें निराळ्या मुशींत घडलीं. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, एवढेंच त्याचें काम. विद्यार्थी राही महाविद्यालयाच्या वसतिगृहांत किंवा नातलगांच्या घरीं. विद्यापीठाशीं त्याची भेट परीक्षेच्या मंडपांत. त्यामुळें विद्यार्थ्याच्या जीविताची जबाबदारी विद्यापीठावर आहे, ही कल्पना आपल्याकडे उशिरां रुजली. ती कायद्यांत उतरली, तीही मृत्यूंच्याच मागोमाग. वसतिगृहांतील रॅगिंगपायीं मुलांचे जीव जाऊं लागले, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें लक्ष घातलें आणि २००९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें नियम केले. रॅगिंगचा प्रकार कळला आणि तो फौजदारी गुन्हा ठरण्याजोगा असेल, तर संस्थेच्या प्रमुखानें २४ तासांच्या आंत पोलिसांकडे फिर्याद नोंदविली पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे.

पॅरिसचे १५ दिवस आणि आपले २४ तास यांत केवळ मुदतीचा फरक नाहीं. तेव्हां मुदत विद्यापीठानें राजाला घातली होती. आतां ती कायद्यानें विद्यापीठालाच घातली आहे. तेव्हां मारणारे हात वेशीबाहेरचे असत. आतां ते पुष्कळदां त्याच वसतिगृहांतले असतात, आणि कधीं कधीं साक्षीदारही तेथलेच. म्हणून आजच्या गुरुजनांचें काम त्या जुन्या गुरुजनांपेक्षां अवघड आहे. राजाविरुद्ध शहर सोडून जाण्यास धैर्य लागतें. स्वतःच्या संस्थेविरुद्ध खरी साक्ष देण्यास त्याहून अधिक लागतें. संस्थेचें नांव खराब होईल, प्रवेश घटतील, वर्तमानपत्रांत छापून येईल, या भीतीनें पुष्कळ ठिकाणीं आरंभींचे तासच फुकट जातात, आणि तेवढ्यांत पुरावा नाहींसा होतो. जखमी होऊन वांचलेल्या मुलाला तर कित्येकदां कोणीं विचारीतही नाहीं. त्याची परीक्षा बुडते, वर्ष जातें आणि तो निमूटपणें घरीं परततो.

मध्ययुगांतील त्या गुरुशिष्यांचें सारेंच अनुकरणीय नाहीं. परंतु तीन गोष्टी त्यांनीं लिहून ठेवल्या, त्या आजही उपयोगाच्या आहेत. पाहिलेलें न पाहिल्यासारखें करून कोणीं निघून जाऊं नये. मृताच्या अखेरच्या विधीला गुरुजनांनीं जावें व शेवटपर्यंत थांबावें. आणि न्यायाला मुदत असावी. ती टळली तर विद्यापीठानें स्वतःचें नुकसान सोसूनही स्वस्थ बसूं नये. कोठल्याशा खेड्यांतला बाप आपल्या मुलाची पेटी व गादी नेण्यासाठीं वसतिगृहाच्या दारांत येतो, तेव्हां त्याच्या हातीं दुखवट्याच्या ठरावाची प्रत पडते. त्या ठरावाखालीं सह्या करणारांपैकीं किती जण मूठमातीपर्यंत त्याच्याबरोबर होते आणि किती जणांनीं साक्ष दिली, हें त्यानें विचारलें, तर त्याचें उत्तर विद्यापीठापाशीं तयार असलें पाहिजे.