एकाच माणसाचं न्यायालय: समरी कोर्ट मार्शल आणि न बदललेला कायदा

‘कोर्ट मार्शल’ म्हटलं की सिनेमातलं दृश्य आठवतं: लांब टेबल, गणवेशातले पाच-सहा अधिकारी, समोर आरोपी आणि त्याचा वकील. पण भारतीय लष्करात कोर्ट मार्शलचा एक प्रकार असाही आहे, जिथे न्यायाधीश एकच असतो आणि तो आरोपीच्याच युनिटचा कमांडिंग ऑफिसर असू शकतो. हे समरी कोर्ट मार्शल. कायद्याच्या इतिहासावर काम करायचं असेल तर हे उदाहरण जरूर अभ्यासा. कारण इथे मूळ कलमं फारशी हललेली नाहीत, तरी प्रत्यक्ष कायदा बराच बदलला आहे.

आधी मजकूर पाहू. आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत: जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. कलम ११६ सांगतं की समरीत कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे जण हजर राहतात, पण त्यांना शपथ नसते आणि निकालात मतही नसतं. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर तो एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, बडतर्फही करू शकतो. इतर कोर्ट मार्शलचा निकाल वरिष्ठाने कायम करावा लागतो. समरीला ती अट नाही. कलम १६१ नुसार शिक्षा लगेच अमलात येऊ शकते. आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम १२९ तर आवर्जून वाचा. आरोपीला मदतनीस घेता येतो, तो वकीलही असू शकतो. पण त्याने फक्त सल्ला द्यायचा, प्रश्न सुचवायचे. साक्षीदाराची उलटतपासणी तो घेऊ शकत नाही, न्यायालयापुढे बोलू शकत नाही.

आणि हे सगळं कोणासाठी? अधिकारी आणि जेसीओ यांच्यावर समरी चालवता येत नाही. म्हणजे ही पद्धत जवानापासून हवालदारापर्यंतच.

याची मुळं १८५७ नंतरच्या काळात जातात. उठावानंतर कमांडिंग ऑफिसरांचे अधिकार वाढवले गेले. पुढे १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमध्ये हा प्रकार आला आणि तिथून १९५० च्या कायद्यात. गंमत म्हणजे एअर फोर्स ॲक्टही १९५० चाच, पण त्यात समरी कोर्ट मार्शल नाही. शिस्तीसाठी ते अपरिहार्य असेल, तर वायुदलाचं त्याच्यावाचून कसं चालतं? हा प्रश्न संशोधकाने विचारायलाच हवा.

आता निकालांकडे येऊ. रणजित ठाकूर या सिग्नलमनने अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल थेट वरिष्ठांकडे तक्रार केली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना मे १९८५ मध्ये त्याने, हुकूम होऊनही, जेवायला नकार दिला. समरी कोर्ट मार्शल बसलं आणि एक वर्ष सक्तमजुरी व बडतर्फी अशी शिक्षा झाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तो अधिकारी या कारवाईत सामील होता. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं रद्द केलं: पक्षपाताची शक्यता होती, शिक्षाही बेसुमार होती. आरोपीला ‘या अधिकाऱ्यापुढे खटला चालायला हरकत आहे का’ असं विचारलं नाही, म्हणून कलम १३० मोडलं, असंही कोर्ट म्हणालं. पण कलम १३० उघडून पाहा. त्यात बाकीच्या तीन प्रकारांची नावं आहेत, समरीचं नाहीच!

अपिलाची सोय त्याहून उशिरा आली. लष्करी न्यायात एकही अपील नसणं ही उणीव असल्याचं सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सांगितलं होतं. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी. त्यातही ‘सेवाविषयक बाबीं’च्या व्याख्येतून समरी वगळलं आहे, बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद असेल तेवढाच अपवाद. मग २०१६ मध्ये विश्वप्रिय सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की समरी हा अपवाद आहे, नेहमीची वाट नव्हे. तातडीची कारवाई अत्यावश्यक असेल तरच तो वापरावा आणि कारण लेखी नोंदवावं.

म्हणून माझं म्हणणं असं: नुसता कायदा वाचून इतिहास लिहू नका. कलम, नियम आणि निकाल शेजारी ठेवून वाचा. न्यायाधिकरणाचे आदेश ऑनलाइन मिळतात. मुंबईतही पीठ आहे. २०१६ आधीचे आणि नंतरचे खटले घेऊन बघता येईल: तातडीचं कारण खरंच नोंदवलं जातं, की दर वेळी तीच ठरावीक दोन वाक्यं?

फक्त एक भान ठेवा. या आदेशांत आपल्याला दिसतो तो दाद मागायला गेलेला जवान. बडतर्फ होऊन, पेन्शन गमावून निमूट गावी परतलेला जवान त्यांत सापडत नाही. त्याच्यासाठी मुलाखतींचं काम करावं लागेल, आणि त्याला आत्ताच सुरुवात केलेली बरी.