चुकलेले प्रमाण आणि वीज वाहणारे प्लॅस्टिक

विजेच्या तारेवर आपण प्लॅस्टिकचे आवरण चढवतो, कारण त्यातून वीज वाहत नाही. धातू सुवाहक, प्लॅस्टिक दुर्वाहक अशी विभागणी आपण वर्गात शिकवतो. ती मोडली कशी, हे पाहू या.

इटलीच्या नात्ता यांनी १९५८ साली ॲसिटिलीनचे रेणू साखळीत जोडून पॉलिॲसिटिलीन हे बहुवारिक बनवले. पण हाती आली ती काळी भुकटी. ना वितळणारी, ना विरघळणारी. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेतील एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि भुकटीऐवजी चकाकणारा पापुद्रा मिळाला. शिराकावांनी तो फेकला नाही. असे का झाले याचा छडा लावून पापुद्रा मुद्दाम बनवण्याची रीत त्यांनी बसवली.

मात्र चकाकी धातूसारखी असली, तरी वीज फारशी वाहत नव्हती. १९७५ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड टोकियोला आले. चहा घेताना शिराकावांनी त्यांना पापुद्रा दाखवला. मॅकडायर्मिडनी त्यांना पेनसिल्व्हानिया विद्यापीठात बोलावले. तेथे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर यांच्या साथीने २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली. वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली!

हे कसे घडते? या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतात. पण इलेक्ट्रॉनांना सरकायला जागा नसते. ब्रोमीन काही इलेक्ट्रॉन काढून घेते. गच्च भरलेल्या बाकावरून एक मुलगा उठला, की इतरांना सरकता येते, तसेच हे.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, म्हणून ते वापरात आले नाही. त्याच जातीची टिकाऊ बहुवारिके मात्र विद्युत धारित्रांत आणि फोटोफिल्मवर स्थिर विद्युत साचू न देणाऱ्या लेपात वापरली गेली. तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यापूर्वी, १९६३ मध्येच, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आयोडीनयुक्त पॉलिपायरॉलची वाहकता प्रसिद्ध केली होती; तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. म्हणून विद्यार्थ्याचा प्रयोग बिघडला, तर वहीतले निरीक्षण खोडायला सांगण्याआधी आपण त्याला विचारू या: नेमके काय टाकलेस आणि काय दिसले?